चोवीस नावांचा सातबारा : परदेशस्थ वारसांच्या शेतजमिनीबाबत केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

प्रत माहितीसाठी : मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई, मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य.

विषय : परदेशस्थ वारसांना शेतजमीन घेण्यास असलेली सरसकट मनाई आणि तिची गावांना मोजावी लागणारी किंमत

सविनय नमस्कार.

मी दापोली तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावात राहणारा शेतकरी आहे. वय अठ्ठावन्न. आंबा, काजू, थोडी पोफळीची बाग आणि पावसाळ्यात भात एवढा माझा व्याप आहे. मी कधी परदेशात गेलेलो नाही, माझ्याकडे पासपोर्टही नाही, आणि ज्या नियमाविषयी हे पत्र आहे तो मला लागूही होत नाही. तरीही मी लिहितो आहे, कारण त्या नियमाची किंमत गेली कित्येक वर्षे मी, माझे शेजारी आणि आमची वाडी मोजत आलो आहोत. हा विषय जेव्हा जेव्हा निघतो तेव्हा तो परदेशी राहणाऱ्या सुखवस्तू माणसांची अडचण म्हणून निघतो, आणि मग इथे राहणाऱ्या कुणालाच त्याच्याशी आपला काही संबंध आहे असे वाटत नाही. तो संबंध आपल्यापुढे आणि या पत्राच्या वाचकांपुढे मांडावा, यासाठी हा खटाटोप.

नियम थोडक्यात असा. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९, म्हणजे ज्याला सगळे फेमा म्हणतात, त्याखाली आपल्या मंत्रालयाने १७ ऑक्टोबर २०१९ रोजी जे नियम काढले, त्यांनुसार अनिवासी भारतीय (परदेशात राहणारे भारतीय नागरिक) आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व घेतलेली भारतीय वंशाची माणसे) यांना भारतात घर, सदनिका, दुकान घेता येते. पण शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानेही स्वीकारता येत नाही. वारसाहक्काने मात्र ती त्यांच्याकडे येऊ शकते. आलेली जमीन विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या व्यक्तीलाच विकावी लागते. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेतही ओसीआय कार्डधारकांच्या हक्कांमधून शेतजमीन स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. म्हणजे माणूस परदेशी नागरिकत्व घेतल्यावर निवृत्त होऊन गावी येऊन राहिला, तरी त्या कार्डावर त्याला चार गुंठे शेतजमीन घेता येत नाही.

आता आमचे घर. माझ्या आजोबांना चार मुलगे होते. मागच्या डोंगरउतारावरची तीन हेक्टर चाळीस आर जमीन त्या चौघांच्या नावावर आली आणि आज तिच्या सातबाऱ्यावर चोवीस नावे आहेत. आमच्या शाखेची पाच : मी, माझ्या दोन बहिणी, दिवंगत भावाची पत्नी आणि त्याचा मुलगा. धाकट्या काकांच्या शाखेची दोन : काकी आणि त्यांची एकुलती एक मुलगी. उरलेल्या दोन काकांच्या वारसांची सतरा नावे मुंबई, ठाणे, नालासोपारा आणि सुरत येथे विखुरलेली आहेत. जमीन कागदावर सामाईक आहे, पण घरगुती वाटणीने प्रत्येकाची बाजू ठरलेली आहे. मी माझी बाजू कसतो. काकींची बाजू त्यांच्याकडून अर्धलीने, म्हणजे निम्म्या उत्पन्नाच्या बोलीवर, मीच पाहतो. त्या सतरा जणांची अर्धी जमीन, म्हणजे एकशे सत्तर आर, गेली अठरा-एकोणीस वर्षे पडीक आहे. त्यांना मी दोष देत नाही. गिरगावातल्या आणि लालबागच्या चाळीत वाढलेल्या मुलांनी डोंगरावरच्या कलमांसाठी नोकरी सोडून यावे, ही अपेक्षा मी कोणत्या तोंडाने करू?

माझी ती चुलत बहीण टोरोंटोजवळ राहते आणि कॅनडाची नागरिक आहे. दर दोन वर्षांनी ती गावी येते. काका गेल्यानंतर तिने ठरवले की ही सगळी जमीन एकत्र आणून पुन्हा लावायची. ती नुसती बोलली नाही. कोकण कृषी विद्यापीठात जाऊन जुन्या आंब्याच्या पुनरुज्जीवनाची माहिती तिने घेतली, कलमांचे भाव काढले, पाण्याच्या टाकीची जागा पाहिली, सौर कुंपणवाल्याला बोलावून मोजमाप करून घेतले. मग एका गणपतीत आम्ही सगळे भाऊबंद अंगणात बसलो आणि त्या सतराही जणांनी आपापला हिस्सा तिला रास्त भावाने द्यायचे कबूल केले. आमच्या घरात एवढ्या माणसांचे एका गोष्टीवर एकमत मी जन्मात पाहिले नव्हते. माझ्या आईने त्या दिवशी देवापुढे नारळ ठेवला.

डिसेंबरात आम्ही खरेदीखतासाठी तालुक्याच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी कागद पाहिले, बहिणीचे ओसीआय कार्ड पाहिले आणि मसुदा मिटवून परत दिला. खरेदी होणार नाही, बक्षीसपत्र होणार नाही. हक्कसोड पत्र करून बघता येईल, पण पुढे ते बक्षीसच मानले गेले तर संपूर्ण व्यवहार अडचणीत येईल, ती जोखीम घेऊ नका, असे त्यांनी सांगितले. रिझर्व्ह बँकेकडे विशेष परवानगी मागण्याचा मार्ग आहे, पण ती कोणत्या निकषांवर आणि किती दिवसांत मिळते, हे त्यांनाही सांगता आले नाही. सहहिस्सेदाराचा हिस्सा सहहिस्सेदाराने घ्यायचा, तोही आजोबांच्या जमिनीतला, आणि घेणारीचे नाव आधीपासूनच त्या सातबाऱ्यावर आहे. महसूल खात्याच्या दप्तरात ती खातेदार आहे आणि आपल्या मंत्रालयाच्या नियमात तिला ती जमीन घेण्याची मनाई आहे. हा पेच सोडवण्याचे अधिकार आपल्याकडे आहेत, म्हणून हे पत्र आपल्या नावे आहे.

माझी पहिली तक्रार वणव्याची आहे, आणि ती मी सविस्तर सांगणार आहे, कारण पडीक जमीन म्हणजे काय हे दिल्लीत कागदावर कळण्यासारखे नाही.

जमीन पडीक राहिली म्हणजे ती तशीच राहत नाही. पहिल्या दोन वर्षांत पुरुषभर गवत येते. मग करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरी, त्यांच्यामागून ऐन-किंजळाची खुरटी रोपे. गडगे ढासळतात. शिमग्याच्या सुमारास हे सगळे वाळून कोळ होते आणि एका ठिणगीची वाट पाहत उभे राहते. २०२४ च्या मार्चमध्ये एका दुपारी अडीचच्या सुमारास वरच्या सड्याकडून धूर दिसला. आग कुणी लावली, कशी लागली, ते आजही माहीत नाही. आम्ही बारा-पंधरा माणसे हिरव्या टहाळ्या तोडून घेऊन धावलो. बायका हंडे-कळशा घेऊन पाखाडी चढत होत्या. आमच्या कसलेल्या बाजूला गवत काढलेले होते, मी दर वर्षी दिवाळीनंतर जाळरेषा घेतो, पण त्या एकशे सत्तर आरांमध्ये आग अशी भडकली की तिच्या उष्णतेपुढे सहा हातांची जाळरेषा काहीच नव्हती. रात्री अकरा वाजता ती विझली. माझी वेंगुर्ला-४ जातीची अडतीस काजू कलमे, सात वर्षे वाढवलेली, त्या वर्षी बोंडांनी भरलेली, भाजून निघाली. जळालेले काजूचे झाड लगेच मरत नाही. पाने तांबूस होतात, पण आठ-दहा दिवस फांदीला धरून राहतात, आणि काळी पडलेली बोंडे एकेक करून खाली पडत असतात. मी रोज सकाळी जाऊन साल नखाने खरवडून पाहत असे, आत हिरवे आहे का म्हणून. अडतीसपैकी सहा झाडे वाचली. शेजारच्या तीन घरांची कलमे गेली ती वेगळीच, आणि त्यांचा तर आमच्या सामाईक जमिनीशी काहीच संबंध नव्हता.

याच रानात रानडुकरे व्यातात आणि माकडे दिवसभर मुक्काम ठोकून असतात. आमच्या वाडीत भुईमूग आणि नाचणी करणे लोकांनी त्यांच्यापायीच सोडले. कंदमुळे तर विसरायचीच. शासन नुकसानभरपाईचे अर्ज घेते, पंचनामे करते, पैसे देते. त्या पैशांचा एक भाग अशा पडीक जमिनींपायी खर्च होतो, आणि तो साऱ्या करदात्यांचा असतो.

दुसरी तक्रार पाण्याची. वरच्या पऱ्ह्याला बांध घालून काढलेला पाट या जमिनीतून खाली वाडीत येतो. माझ्या लहानपणी दिवाळीनंतर चारही घरे आपापल्या हद्दीतला पाट साफ करत, गाळ काढत, फुटलेल्या जागी दगड-माती लावत. आता मधला दीडशे हातांचा तुकडा कुणाचाच नाही. मी आणि माझा पुतण्या जमेल तेवढे करतो, पण झाडांची मुळे पाटाच्या आत गेली आहेत आणि दोन ठिकाणी कडाच खचली आहे. परिणाम असा की खालच्या बारा घरांच्या पोफळी-माडांना पूर्वी एप्रिलपर्यंत मिळणारे पाणी आता जानेवारीच्या अखेरीस आटते. त्या बारा घरांपैकी एकाचेही माणूस परदेशात नाही.

तिसरी गोष्ट सरकारी योजनांची. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली म्हणून आज कोकणात एवढी कलमे दिसतात; तिचे ऋण आम्ही मानतो. पुढे भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणासाठी दहा हेक्टरांपर्यंतची तरतूद झाली. परंतु सामाईक खात्यावर लागवड करायची तर सहखातेदारांची संमती लागते, आणि चोवीस सह्या जमवणे म्हणजे काय ते ज्याने जमवल्या त्यालाच ठाऊक. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात माझ्या बागेतल्या साठ पोफळी आणि नऊ माड एका दुपारीत आडवे झाले. भरपाईच्या कागदांसाठी मी तीन महिने मुंबई-ठाण्याला फोन करत होतो, टाळेबंदीचे दिवस होते, कुणी गावी येऊ शकत नव्हते. सुरतेची सही आली तेव्हा पडलेल्या पोफळी कुजून गेल्या होत्या. पोफळीला नव्याने लावल्यापासून उत्पन्न सुरू व्हायला सहा-सात वर्षे जातात. एवढा काळ थांबण्याइतके भांडवल गावात राहणाऱ्या फार थोड्यांकडे असते आणि बँका सामाईक सातबाऱ्यावर कर्ज द्यायला तयार नसतात. ते भांडवल बहिणीकडे होते आणि ती ते द्यायला तयार होती.

ही नावे पुढे वाढतच जाणार आहेत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला, हे उत्तमच झाले. पण आज कोकणातल्या किती घरांतल्या मुली आणि मुलगे परदेशात आहेत याचा विचार केला तर पुढच्या पिढीत सातबाऱ्यावर परदेशस्थ नावांचे प्रमाण काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. ओसीआय कार्डधारकांची संख्या चाळीस लाखांच्या पुढे गेलेली आहे. जे भारतीय नागरिकत्व कायम ठेवून दुबई-मस्कतमध्ये काम करतात, तेही अनिवासी म्हणून याच नियमाखाली येतात. रत्नागिरी जिल्ह्यातून आखाती देशांत गेलेली किती मुसलमान आणि हिंदू कुटुंबे आहेत, हे आमच्या खाडीच्या दोन्ही काठांवर फिरले तरी कळेल.

चौथी तक्रार मला लिहायला जड जाते, कारण ती आमच्या गावच्या माणसांविषयी आहे. जे उघडपणे करता येत नाही ते आडून केले जाते. परदेशातून पैसे येतात, जमीन पुतण्याच्या किंवा मेहुण्याच्या नावाने घेतली जाते, तोंडी करार होतो. पाच-सात वर्षे सगळे गोड असते. मग नाव ज्याचे असते त्याचे लग्न होते, किंवा महामार्गाची आखणी बदलते आणि भाव दसपट होतो, आणि दोन्ही घरे एकमेकांच्या मयतीलाही जाईनाशी होतात. आमच्या पंचक्रोशीत अशी तीन प्रकरणे मला जवळून माहीत आहेत. बेनामी व्यवहारांच्या कायद्याला २०१६ च्या दुरुस्तीने धार आली. त्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड आहे. फेमाखालचा दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिप्पटीपर्यंत जाऊ शकतो. एवढी शिक्षा असूनही लोक हे का करतात? आजोबांची जमीन परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून. कायद्याने सरळ वाट ठेवली असती तर यांतली बहुतेक माणसे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांगेत उभी राहिली असती, मुद्रांक शुल्क भरले असते, नोंदणी शुल्क भरले असते, आणि बँकेतून आलेल्या प्रत्येक रुपयाचा माग आपल्या खात्याला राहिला असता. आज तो महसूलही बुडतो आणि मागही राहत नाही. वर न्यायालयांवर दाव्यांचा बोजा पडतो तो निराळाच. फेरा, म्हणजे फेमाच्या आधीचा परकीय चलनाचा कायदा, त्यातील रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची अट न पाळता १९७७ मध्ये झालेल्या बंगळुरूमधील एका बक्षीसपत्राचा वाद सर्वोच्च न्यायालयात २०२१ मध्ये निकाली निघाला आणि ते हस्तांतरण अवैध ठरले. चव्वेचाळीस वर्षे! एका पिढीने केलेला व्यवहार दुसऱ्या पिढीच्या डोक्यावर एवढा काळ टांगलेला राहतो, हे लक्षात घ्यावे.

नियमांतील एक विसंगती मला विशेष खटकते. वारसाने आलेली मालमत्ता विकून येणारे पैसे अनिवासी भारतीय वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत परदेशी नेऊ शकतात. म्हणजे जमीन विकून पैसा बाहेर नेण्याची सोय कायद्यात आहे आणि बाहेरचा पैसा आणून ती जमीन पुन्हा उभी करण्याला मनाई आहे. तसेच चहा, कॉफी, रबर, वेलदोडा यांच्या मळ्यांमध्ये शंभर टक्के परकीय थेट गुंतवणूक सरकारने मान्य केलेली आहे. आमच्या राज्याच्या कुळकायद्याच्या कलम ६३ मध्ये बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, तरी प्रामाणिक औद्योगिक वापरासाठी त्याच कायद्यात पुढे वाट काढून दिलेली आहे. या सगळ्यांना वाट मिळते, ते योग्यही असेल. मग ज्या मुलीने सुट्टीत याच बांधावर करवंदे वेचली तिलाच तेवढी वाट का नसावी, याचे उत्तर मला आजवर कुणी दिलेले नाही.

या मनाईमागची भीती मी नाकारत नाही. शेतजमीन परदेशी पैशाच्या हाती गेली तर इथला शेतकरी भूमिहीन होईल, भाव त्याच्या आवाक्याबाहेर जातील, हे कारण खोटे नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर परदेशी नागरिकांनी घेतलेल्या जमिनींविषयी तिथल्या गावकऱ्यांनी जो आवाज उठवला तो मी वाचला आहे आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. कोकणाने खोती पाहिली आहे. जमीन मालक दूर आणि कसणारा उपाशी, ही अवस्था आमच्या पणजोबांनी भोगली आहे, आणि कुळकायद्याने ती मोडली म्हणून आज माझ्या नावावर जमीन आहे. दूरस्थ मालकीची पुन्हा पायाभरणी व्हावी असे मी स्वप्नातही म्हणणार नाही. पण आज आमच्या तालुक्यात चाललेय काय? शेतकरी दाखला असलेले मुंबई-पुण्याचे आणि परराज्यांतले खरेदीदार दलालांमार्फत डोंगरच्या डोंगर घेत आहेत, तारेचे कुंपण घालून भाव वाढण्याची वाट पाहत आहेत, आणि त्या कुंपणाआड एक झाडही लागलेले नाही. ते सगळे भारतात राहतात, त्यामुळे फेमाचा त्यांना काही अडसर नाही. भाव वाढायचे ते वाढलेच, आणि जमीन पडीक राहायची ती राहिलीच. आपला नियम मालक कुठे राहतो एवढेच विचारतो. जमिनीचे त्याने काय केले हे विचारत नाही. गोव्याने २०२३ मध्ये भातशेतीच्या जमिनी बिगरशेतकऱ्यांकडे जाऊ नयेत म्हणून कायदा केला, तेव्हा निदान खाचर खाचर राहावे हा हेतू त्यात समोर होता. तसा हेतू या मनाईत कुठे दिसत नाही.

इतर देशांनीही परदेशी खरेदीदारांवर बंधने घातलेली आहेत. बहिणीच्या कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून परदेशी नागरिकांना निवासी घरे घेण्यास बंदी केली. मात्र त्या कायद्याला मुदत घातली, आणि तीन महिने उलटायच्या आत, अडचणी दिसताच, कामाचा परवाना असलेल्यांसाठी आणि मोकळ्या भूखंडांसाठी तो सैल केला. पुढे मुदत वाढवली, तीही तारीख घालून. ऑस्ट्रेलियाने शेतजमिनीच्या परदेशी मालकीवर सरसकट बंदी घालण्याऐवजी ठरावीक रकमेपुढच्या खरेदीची छाननी ठेवली आणि २०१५ पासून अशा मालकीची स्वतंत्र नोंदवही सुरू केली. दोन्ही देशांत सरकारला आपल्या बंधनाचा परिणाम तपासावा लागतो. आपल्याकडे फेरा १९७४ मध्ये लागू झाला तेव्हा परकीय चलनाचा तुटवडा होता, डॉलर बाहेर जाऊ नये याची धास्ती होती. आज परदेशस्थ भारतीयांकडून वर्षाला १०० अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम देशात येते. परिस्थिती एवढी पालटली तरी शेतजमिनीवरची मनाई तशीच राहिली, आणि तिच्यामुळे किती जमीन पडीक झाली याची आमच्या तहसील कार्यालयात कुणी चौकशी केल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

म्हणून माझ्या मागण्या मर्यादित आणि स्पष्ट आहेत.

ज्या अनिवासी भारतीयाचे किंवा ओसीआय कार्डधारकाचे नाव एखाद्या शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर वारसाने लागलेले आहे, त्याला त्याच जमिनीतील सहहिस्सेदारांचे हिस्से खरेदीने, बक्षीसपत्राने किंवा हक्कसोड पत्राने घेता यावेत, अशी दुरुस्ती २०१९ च्या नियमांत करावी. सहहिस्सेदारांपैकी एकमेकांना जमीन देणारे दोघेही परदेशस्थ असले तरी ही मुभा असावी. गावाबाहेरची, वारसाशी संबंध नसलेली जमीन घेण्याची परवानगी मी मागत नाही.

ही मुभा सशर्त द्यावी. महाराष्ट्रात कमाल जमीनधारणा कायद्याने कोरडवाहू जमिनीला ५४ एकरांची मर्यादा आहे. या मुभेची मर्यादा पाच एकर ठेवली तरी आमच्यासारख्यांचे काम भागते. घेतलेली जमीन पंधरा वर्षे अकृषिक करता येऊ नये. सलग तीन वर्षे पीकपाहणीत ती पडीक दिसली तर स्थानिक शेतकऱ्याला विकण्याचे बंधन घालावे, आणि ती घेण्याचा पहिला हक्क लगतच्या कसणाऱ्याला द्यावा. गावात जो प्रत्यक्ष कसतो त्याच्याशी लेखी, नोंदवलेला करार असावा, म्हणजे माझ्यासारख्याची अर्धल तोंडी शब्दावर राहणार नाही. पैसा बँकेमार्फतच यावा.

अशा मालकीची तालुकानिहाय नोंदवही सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. गावात कुणाची किती जमीन आहे हे गावाला कळले पाहिजे, मग मालक टोरोंटोत असो वा ताडदेवला.

विशेष परवानगीचे अर्ज आज ज्यांना करायचे आहेत त्यांच्यासाठी निकष छापील स्वरूपात जाहीर करावेत आणि नव्वद दिवसांत होकार किंवा कारणासह नकार कळवावा.

आणि राज्याच्या महसूल खात्याला माझी विनंती आहे की, निदान रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत, सहखातेदारांपैकी कुणी परदेशस्थ आहे म्हणून अडकून पडलेली पडीक जमीन किती, याची गावनिहाय मोजणी करावी. ई-पीकपाहणी आता मोबाइलवर होते; तिच्यात पडीक क्षेत्राची नोंद असतेच, खातेदार परदेशस्थ आहे का एवढा एक रकाना त्यात वाढवावा लागेल. हे आकडे आल्यावर या नियमाची खरी किंमत आपल्यापुढे येईल, आणि ती मान्य असेल तर सरकारने तसे लोकांना सांगावे.

बहीण फेब्रुवारीत परत गेली. जाण्याआधी तिने कलमांच्या यादीची वही माझ्याकडे ठेवली आहे. पुनरुज्जीवनासाठी जुन्या आंब्यांची छाटणी ऑक्टोबरात करावी लागते, आणि ती झाल्यावर दोन-तीन वर्षे फळ धरत नाही, म्हणून पुढच्या ऑक्टोबरात निम्म्याच झाडांना हात लावायचे आम्ही ठरवले होते. कोणत्या झाडांना, ते तिने चुन्याने खुणा करून ठेवले आहे. त्यांतली आठ झाडे आमच्या दोघांच्या बाजूंत आहेत, ती मी करणार आहे. बाकीची अठ्ठावीस त्या एकशे सत्तर आरांत आहेत आणि त्यांच्यापर्यंत जायला सध्या कोयत्याने वाट काढावी लागते. आपले उत्तर ऑक्टोबरच्या आत यावे, ही विनंती.

आपला,
दापोली तालुक्यातील एक शेतकरी